उसना पसारा

प्रवासाला निघताना लोक घराला कुलूप लावतात. माझी बायको आधी घर झाडते, मग पुसते, मग पुसलेलं वाळेपर्यंत आम्हाला दाराबाहेर उभं करते आणि त्यानंतर कुलूप लावते. मागे चोर आलाच तर त्यानं घराला नावं ठेवू नयेत, एवढीच तिची इच्छा असते. "जागा घेतली त्याहून बरी करून सोडावी," हे तिच्या आईचं वाक्य. लग्नात तिनं माहेराहून बरंच काही आणलं होतं. बाकीचं फुटलं, झिजलं, हरवलं. हे वाक्य मात्र चाळीस वर्षं झाली तरी नव्यासारखं वापरात आहे.

तेव्हा सात दिवसांच्या सहलीत हॉटेलच्या खोलीचं काय होणार होतं, हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं.

तिसऱ्या मजल्यावर आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. तीनशे सातमध्ये आम्ही दोघं. शेजारी तीनशे आठमध्ये लेक, जावई आणि नऊ वर्षांची नात. नातीला आम्ही ठिणगी म्हणतो. का, ते पुढे येईलच. लेकीनं पहिल्याच रात्री आपल्या दाराला आतून कडी लावली. चोरांच्या भीतीनं नव्हे, आईच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोल्या आवरणाऱ्या बाई आपली ढकलगाडी घेऊन दारात आल्या. गाडीत स्वच्छ चादरी, टॉवेल, साबणाच्या वड्या, चार तऱ्हेचे ब्रश. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा दारावरचा नंबर पाहिला.

"इथे कुणी उतरलंय ना?"

"आम्ही," मी म्हणालो.

पलंगावरची चादर इस्त्री केल्यासारखी ताणलेली होती. टॉवेल घड्या घालून रचलेले. केराचा डबा धुऊन पालथा घातलेला. साबण पुसून, वाळवून, त्याच्या मूळ कागदात पुन्हा गुंडाळलेला.

"मॅडम," बाई हळूच म्हणाल्या, "मला प्रत्येक खोलीत पंचवीस मिनिटं काम केलं अशी सही करावी लागते. मला काहीतरी ठेवत जा हो."

बायकोला ते पटलं. तिसऱ्या दिवशी माणुसकी म्हणून तिनं त्यांच्यासाठी एक टिशू पेपर चुरगळून ठेवला. तो उचलायला बाईंना एक मिनिट लागलं. उरलेली चोवीस मिनिटं त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि गुडघेदुखीवर बोलल्या. चौथ्या दिवशी धाकट्या मुलीच्या शिक्षणावर. पाचव्या दिवशी बायको बोलली आणि बाईंनी ऐकलं. विषय मी होतो. सहाव्या दिवशीपर्यंत दोघींची अशी गट्टी जमली की मी खोलीत असलो तर अडचण वाटू लागली आणि मला खाली वर्तमानपत्र वाचायला पाठवण्यात आलं.

सातव्या दिवशी, म्हणजे निघायच्या दिवशी, बाई सकाळी सातलाच दार वाजवून गेल्या. गाडी नव्हती, नुसत्याच आल्या होत्या. त्यांचे सहा महिने उमेदवारीचे होते आणि ते आज भरत होते. मॅनेजर आठवडाभराचे अभिप्रायाचे फॉर्म वाचणार आणि आजच ठरवणार, बाईंना कायम करायचं की घरी पाठवायचं.

"बाकीच्या खोल्यांतले लोक फॉर्म भरतच नाहीत मॅडम," बाई म्हणाल्या. "किंवा नुसत्या खुणा करतात. तुमचं अक्षर चांगलं आहे. तुमचा तेवढा नीट भरा. मुलीचं शिक्षण आहे, या वयात दुसरीकडे कोण घेणार मला?"

"काळजीच सोडा," बायको म्हणाली. "असा भरते की मॅनेजरनं चौकटीत लावून ठेवावा."

आणि तिनं तो भरला.

नाश्त्याच्या हॉलमध्ये भरला. हा हॉल तळमजल्यावर होता. एका बाजूला लांब टेबलावर टोस्ट, लोणी, अंडी, कापलेली फळं मांडलेली, आणि अगदी टोकाला काचेच्या कपाटात कस्टर्ड. ते दुपारच्या जेवणाला मिळायचं. सकाळी फक्त दिसायचं. डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय. खरं तर डॉक्टर 'जरा सांभाळून' एवढंच म्हणाले होते. 'बंद' हा शब्द बायकोचा. सात दिवस मी त्या कपाटासमोरून ये-जा करत होतो. मी जवळून गेलो की ते कस्टर्ड थरथरायचं. मीही थरथरायचो. पण आमच्यात बोलणं असं झालं नव्हतं.

"डोळे खाली," बायको फॉर्मवरून मान वर न करता म्हणाली.

तिनं आमच्या पाचही जणांच्या ताटल्या मोठ्यावर लहान अशा रचल्या होत्या, चमचे एका दिशेला लावले होते, टेबल रुमालानं पुसलं होतं. एक उंच वेटर ते उचलायला आला आणि रोजच्यासारखाच ओशाळून उभा राहिला. नोकरीवर आलो आहोत की पाहुणे म्हणून, हे त्याला आमच्या टेबलाशी आलं की नेमकं कळत नसे.

"ऐका," बायको म्हणाली आणि तिनं फॉर्म वाचून दाखवला.

"'तीनशे सातच्या बाई अत्यंत सज्जन आणि प्रामाणिक आहेत. सात दिवसांत त्यांनी आमच्या एकाही वस्तूला हात लावला नाही. चादर, टॉवेल, इतकंच काय केराच्या डब्यालासुद्धा नाही. रोज वेळेवर येत, खिडकीजवळच्या खुर्चीत शांत बसत, सुखदुःखाच्या चार गोष्टी सांगत आणि वेळ झाली की उठून जात. इतकी समाधानी व्यक्ती आजच्या काळात दुर्मीळ आहे.'"

"छान," मी म्हणालो. "शेवट जरा उठावदार हवा. लिही: 'अशा बाई प्रत्येक हॉटेलात असाव्यात.'"

तिनं लिहिलं. त्या मजकुरात माझा वाटा एवढाच, पण तो नाकारण्यात अर्थ नाही.

मॅनेजरसाहेब टेबलाटेबलांवरून फॉर्म गोळा करत होते. माणूस नीटनेटका, हात मागे बांधून चालणारा, आणि बोलण्याआधी हवेचा वास घेतल्यासारखं नाक किंचित वर करणारा. आमच्या टेबलाशी त्यांनी फॉर्म वाचला. मग पुन्हा वाचला.

"हे आपण लिहिलंत?"

"हो. कमी पडलं का? मागच्या बाजूला जागा आहे."

"नाही नाही. भरपूर आहे," मॅनेजर म्हणाले. "सहा महिन्यांत इतकं स्पष्ट कुणीच लिहिलं नव्हतं. आम्हाला संशय होताच. आपले आभार."

ते गेले. बायको प्रसन्न चेहऱ्यानं चहा प्यायली. "संशय कसला म्हणाले?" लेकीनं विचारलं. पण काउंटरपाशी बाईंना बोलावणं गेलं होतं आणि आम्ही सगळे अभिमानानं तिकडे पाहत होतो. मॅनेजरनी फॉर्म पुढे धरला. बाईंनी वाचला. वाचता वाचता त्यांचा हात शेजारच्या काउंटरवर टेकला.

ठिणगी एव्हाना तिकडे जाऊन आली होती.

"आजी, तू त्या मावशींना काढून टाकायला सांगितलंस का?"

"मी? भलतंच काय!"

"मॅनेजरकाका म्हणाले, गिऱ्हाईक स्वतः लिहून देतंय की तुम्ही रोज येऊन नुसत्या बसता."

मग जावयानं डोळे मिटून आठवत आठवत ती वाक्यं एकेक करून परत म्हटली. गंमत बघा, शब्द तेच. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की वास येतो.

"अगं आई!" लेक म्हणाली.

"पण मी तर स्तुती केली!" असं म्हणत बायको उठली ती थेट काउंटरपाशी. मी मागे. "साहेब, बाईंची काही चूक नाही. खोली मीच आवरते. रोज. सकाळी सहाला."

मॅनेजर हसले. समजूतदार हसू होतं ते.

"मॅडम, आपलं मन मोठं आहे. पण चौदा वर्षं मी या धंद्यात आहे. सुट्टीवर येऊन खोली झाडणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. आणि समजा, पाहिलं. तरी मग बाईंनी पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या सह्या कशाच्या केल्या?"

त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या बाईंनी बायकोकडे पाहून नुसती मान हलवली. नको, नका बोलू. खरं सांगणं हा मार्ग तिथे बंद झाला. आयुष्यात प्रथमच खरेपणा आणि स्वच्छता या दोन्ही गोष्टी बायकोच्या विरुद्ध उभ्या होत्या.

एवढ्यात जावई पुढे झाला. एरवी हा मुलगा फार बोलत नाही; म्हणून बोलला की लोक ऐकतात.

"साहेब, तो फॉर्म म्हणजे आमच्या सासऱ्यांचा विनोद आहे. ते ऑफिसच्या अंकात असलं लिहायचे."

मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे.

"यात विनोद कुठे आहे?"

ऑफिसातही हाच प्रश्न यायचा. उत्तर मला तेव्हाही देता आलं नव्हतं.

"ठीक आहे," मॅनेजर म्हणाले. "सोपं आहे. बाई आज अजून वर गेलेल्या नाहीत. मी रोज दुपारी तपासायला जातो तेव्हा तीनशे सात लख्ख असते. आत्ता जाऊन पाहतो. खोली चार माणसांसारखी पसरलेली असेल, तर बाई रोज आवरतात हे सिद्ध झालं, फॉर्म विनोद समजून फाडून टाकतो. आणि खोली आत्ताच लख्ख असेल..."

पुढचं त्यांनी नाकानं सांगितलं.

बायकोचा चेहरा पांढरा पडला. वर खोली कशी होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? निघायचा दिवस म्हणून आज ती पाचला उठली होती.

"साहेब, एक मिनिट," लेक म्हणाली. "आमचा एक फोटो काढून देता? सहलीची आठवण." आणि तिनं फोन त्यांच्या हातात दिला, नवऱ्याला दंडाला धरून फळांच्या शेजारी उभं केलं. पोरगी आईवर गेली नाही, हे किती बरं झालं!

मी, बायको आणि ठिणगी लिफ्टकडे निघालो. निघालो म्हणजे पळालो.

तीनशे सातमध्ये बॅगा भरून दाराशी ओळीनं उभ्या होत्या. पलंग असा दिसत होता की त्यावर कधी कुणी झोपलं असेल यावर माझाच विश्वास बसेना. बायको मध्यभागी उभी राहिली.

"पसरा," मी म्हणालो.

तिनं चादरीचं एक टोक उचललं, थोडं वर केलं आणि पुन्हा ठेवताना हातानं सारखं केलं.

"अगं, सारखं नाही करायचं."

"हात जातोच हो." तिनं एक टॉवेल घेतला, उलगडला, क्षणभर विचार केला आणि खुर्चीच्या पाठीवर दोन्ही टोकं बरोबर येतील असा टाकला. मग ती टोकं बरोबर आली आहेत का ते बघायला चार पावलं मागे गेली. "हे चालेल?"

"आजी, हे दुकानासारखं दिसतंय," ठिणगी म्हणाली.

"मग काय करू गं? जमत नाही मला." ती पलंगाच्या कडेला बसली, आणि बसल्यामुळे पडलेली सुरकुती तिनं बसल्या बसल्याच पुसली. "एका बाईची नोकरी जाणार, आणि मला एक चादर चुरगळता येत नाही." तिचे डोळे भरून आले होते. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिली नव्हती. "अहो... तुम्हीच करा काहीतरी. तुम्हाला येतं."

चाळीस वर्षं ज्या गुणांबद्दल मी बोलणी खाल्ली, त्यांना पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. मी बाही वर सारली नाही. माझ्या पद्धतीत बाही सारत नाहीत. मी टॉवेल नळाखाली धरला, किंचित पिळला आणि न्हाणीघराच्या दारातून, न बघता, मागे फेकला. तो बरोबर उशीवर जाऊन बसला. ओल्या टॉवेलचा उशीवर पडतानाचा 'थप्प' असा आवाज हा आमच्या घरातल्या निम्म्या भांडणांचा पहिला शब्द आहे. बायकोनं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

मग मी मोकळा सुटलो. एक मोजा पलंगाखाली, दुसरा दिव्यावर. साबण न्हाणीघराच्या फरशीवर, मधोमध. चहाची पिशवी खिडकीत. वर्तमानपत्राची पानं सुटी करून, कुठलंही पान कुठल्याही पानाजवळ राहणार नाही अशी. तरी खोली ओकीबोकीच वाटत होती. दोन म्हाताऱ्या माणसांचा पसारा असून असून किती असणार!

"आमच्या खोलीतून आणू?" ठिणगी म्हणाली.

शेजारून वाटीभर साखर मागून आणावी तशी ती गेली आणि कवेत मावेल तेवढा पसारा घेऊन आली. बिस्किटांचे कागद, एक फुटका रंगीत खडू, अर्धं सफरचंद, बापाचा शर्ट, आणि वाळूनं भरलेली चप्पल. ती चप्पल तिनं पलंगाच्या मध्यभागी झटकली.

"वाळू नको गं!" बायको कळवळली.

"वाळूच पाहिजे आजी. वाळू खरी वाटते."

लिफ्टचा आवाज आला. बायकोनं ते अर्धं सफरचंद तेवढं खिडकीत नीट ठेवायला हात पुढे केला. मी तो हात धरला. बऱ्याच वर्षांनी धरला होता. तेवढ्यात दार वाजलं.

मॅनेजर आत आले आणि उंबऱ्यातच थांबले. त्यांच्या मागे ढकलगाडीसह बाई, बाईंच्या मागे लेक आणि जावई. मॅनेजरनी नाक वर केलं. या वेळी ते बरोबर होतं, कारण सफरचंदाला वास येत होता. त्यांनी दिव्यावरचा मोजा पाहिला, पलंगावरची वाळू पाहिली. न्हाणीघरात डोकावताना साबणावरून त्यांचा पाय सरकला, पण त्यांनी दाराला धरलं.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "सातही दिवस... असंच?"

चाळीस वर्षांत ज्या बाईच्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर कुणाला पाण्याचा थेंब दिसला नाही, तिनं मान ताठ केली.

"हो. आम्ही असेच आहोत. मला आवरायचा कंटाळा येतो."

तिच्या आईनं हे ऐकलं असतं तर... जाऊ दे. ऐकलं नाही, एवढं खरं.

मॅनेजरनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती, थोडी किळस होती, आणि बाईंबद्दल एकदम दाटून आलेला आदर होता. "बाई, आणि तुम्ही रोज हे पंचवीस मिनिटांत आवरता?"

बाईंनी दिव्यावरच्या मोज्याकडे पाहिलं. "सवय झालीय साहेब."

"बरं. मग आवरा. मी बघतो." मॅनेजरनी घड्याळ काढलं. "मॅडम, आपण बसा."

बसायला एकच जागा होती. खिडकीजवळची खुर्ची. बायकोनं आधीच आवरलेल्या खोलीत चार दिवस तिथे बाई बसल्या होत्या. आज बायको बसली.

आणि मग बाईंनी काम सुरू केलं. आम्ही त्यांना कधी काम करताना पाहिलंच नव्हतं. चादरीची चार टोकं त्यांनी अशी उचलली की वाळूचा एक कण खाली सांडला नाही; गाठोडं गाडीत गेलं. नवी चादर एकाच झटक्यात हवेत फुगली आणि पलंगावर उतरली ती मापात उतरली. मग कोपरा. बाईंनी चादरीचा लोंबता भाग वर उचलला, तिरका धरला, खालचा पट आत सारला, वरचा खाली आणला, आणि तळहाताच्या कडेनं एकदाच ओढला. लिफाफा चिकटवावा तसा कोपरा बंद झाला.

बायको खुर्चीत पुढे सरकली. "परत करा," ती नकळत म्हणाली.

"काय?" मॅनेजर म्हणाले.

"काही नाही. म्हटलं, किती कष्ट पडतात."

पण मी तिचे हात पाहत होतो. मांडीवर ठेवलेले ते हात हवेतल्या हवेत तो कोपरा घालत होते. आठवडाभर ती स्वतःच्या पलंगावर खूश होती, आणि त्या कोपऱ्यासमोर तिचा पलंग म्हणजे शाळेतल्या मुलीचं भरतकाम होतं, हे तिला कळलं होतं. असल्या बाईला तिनं एक टिशू पेपर दिला होता.

बावीस मिनिटं लागली. मॅनेजरनी फॉर्म चार तुकडे करून धुतलेल्या डब्यात टाकला. "आज दुपारी या खोलीची फाइल बंद करतो आणि बाईंच्या कागदावर सही करतो," ते म्हणाले. "जेवून जा. दुपारचं जेवण बारालाच लागतं."

म्हणजे सही अजून व्हायची होती.

दुपारी जेवताना मॅनेजर कोपऱ्यातल्या टेबलावर बाईंचा कागद आणि पेन घेऊन बसले होते. त्यांचं तोंड आमच्याकडे होतं. हॉलच्या दाराला गोल काच होती. त्या काचेत मधूनमधून बाईंचा अर्धा चेहरा दिसे. आम्ही पाच जण जेवलो आणि ताटल्या जिथल्या तिथे राहू दिल्या. हाडाचा कारकून जसा संपाच्या दिवशी ऑफिसात नुसता बसतो, तशी बायको बसली होती. चमचे वाकडेतिकडे पडले होते. एक तर तिच्या अगदी समोर पालथा होता. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"आई, वर बघ," लेक कुजबुजली. "चमच्याकडे बघू नकोस."

"बघत नाहीये मी. तोच बघतोय."

मग ती माझ्याकडे वळली. आवाज खाली आणून म्हणाली, "अहो, आज एक कस्टर्ड घ्या."

माझा विश्वास बसला नाही. "मी?"

"घ्या. तुम्ही कमावलंय. तो टॉवेल काय टाकलात!"

मी हात वर केला. उंच वेटरनं काचेचं कपाट उघडलं. सात दिवसांची आमची नुसती नजरभेट. आज ते वाटीतून डुलत डुलत माझ्यासमोर आलं. पिवळं धमक, वर साखरेच्या पाकाचा तपकिरी थर. मी चमचा उचलला. घाई करणारा मी नव्हे. आधी सगळ्या बाजूंनी पाहून घेतलं. हीच माझी चूक झाली.

कारण तो वेटर अजून तिथेच उभा होता आणि आमच्या टेबलाकडे काळजीनं पाहत होता.

"मॅडम, आज काही चुकलं का आमचं?"

"कुठे काय?" बायको घाईनं म्हणाली.

"नाही, रोज तुम्ही ताटल्या रचून देता, टेबल पुसून देता. खरकटं एका बाजूला काढता. आज नुसत्याच बसलात. बरं नाही वाटत का?"

त्याचा आवाजही त्याच्यासारखाच उंच होता. कोपऱ्यात पेन थांबलं. मॅनेजर उठले आणि हात मागे बांधून आमच्याकडे यायला लागले.

"टेबल पुसून?" ते म्हणाले. "कोण पुसतं टेबल?"

गोल काचेतला अर्धा चेहरा हलेनासा झाला. ठिणगीनं तोंड उघडलं, पण तिच्या आईनं त्यात पाव घातला. मॅनेजर दोन टेबलांच्या अंतरावर आले. मग एका.

तेव्हा माझ्या बायकोनं मांडीखालचा उजवा हात बाहेर काढला, शांतपणे पुढे केला आणि माझी कस्टर्डची वाटी पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर पालथी घातली.

"अगंबाई," ती म्हणाली. "सांडलं वाटतं."

आणि तिनं हात परत मांडीखाली ठेवला.

पाक वाट काढत निघाला. पालथ्या चमच्याला वळसा घालून तो टेबलाच्या कडेकडे चालला होता. आम्ही पाच, मॅनेजर सहावे आणि वेटर सातवा, सगळे त्याच्याकडे पाहत होतो. रुमाल बायकोच्या कोपराला लागून होता. तिच्या कपाळावर घाम आला. पाक कडेला पोचला, जरा थबकला आणि पहिला थेंब खाली पडला. तिनं रुमाल उचलला, त्यानं स्वतःचं कपाळ पुसलं आणि ज्या घडीनं तो आला होता ती मोडून ताटात टाकला.

मॅनेजरनी वेटरकडे पाहिलं. "तुझा कुठल्यातरी दुसऱ्या टेबलाशी घोटाळा होतोय."

"पण साहेब..."

"या मॅडम? टेबल पुसणार?" मॅनेजर म्हणाले, एवढंच. मग आपल्या टेबलाकडे परत गेले आणि त्यांनी उभ्या उभ्या बाईंच्या कागदावर सही केली. पेनाला टोपण लावल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. गोल काच रिकामी झाली.

"दुसरं कस्टर्ड आणू साहेबांना?" वेटरनं विचारलं.

"नको," बायको म्हणाली. "त्यांना बंद आहे."

बाहेर गाडीत बॅगा चढत होत्या तेव्हा बाई मागच्या दारानं आल्या. त्यांनी बायकोचे दोन्ही हात धरले. बायकोला मात्र दुसरीच रुखरुख होती.

"बाई, त्या टेबलक्लॉथला आधी गार पाणी लावा हं. गरम लावलं तर डाग बसेल. मी पटकन आत जाऊन..."

"ताई," बाई म्हणाल्या, "ते धुलाईवाल्यांचं काम आहे. त्यांनाही पोट आहे." मग हसल्या. "परत या. पण येताना पसारा घेऊन या."

गाडी सुरू झाली. हॉटेल दिसेनासं झाल्यावर बायको म्हणाली, "अहो."

"काय?"

"इतक्या लांबून, पाठमोरं, नेमका उशीवर कसा पडतो हो तो?"

"चाळीस वर्षांचा रियाज आहे."

"हं," ती म्हणाली. "घरी गेल्यावर विसरा."

घरी येऊन आता तीन महिने झाले. टॉवेल दोरीवर असतो. पलंगाची चादर बाईंच्या पद्धतीनं चारही कोपऱ्यांना बंद केलेली असते. पाकिटात चिठ्ठी सरकवावी तसा मी वरच्या बाजूनं आत सरकतो आणि सकाळी कुणीतरी उघडेपर्यंत तसाच असतो. कस्टर्ड अजून बंदच आहे.